घरी कोणीतरी झोपलंय

माझा आवाज लहान आहे. मी लाजरी आहे म्हणून नव्हे. स्वभाव उलट तापट आहे, आणि डोक्यात जी वाक्यं उठतात ती चारचौघांत बोलण्यासारखी नसतात. पण बाहेर पडताना ती कुजबुजीतच पडतात. भिलाईच्या सेक्टरांमधून, स्टील प्लांटच्या क्वार्टरांमधून वाढलेली पुष्कळ पोरं अशी असणार. ज्या घरचा बाप शिफ्टला जातो त्या घरात दर तिसऱ्या आठवड्याला सी शिफ्ट येते. ए सकाळची, बी दुपारची, सी रात्रीची. बाप सकाळी घरी येतो, आंघोळ करतो, चार घास खातो आणि मागच्या खोलीत जाऊन झोपतो. मग दिवसभर घरात कोणी ब्र काढायचा नाही.

आई या कामात फार तयार होती. कुकरची शिट्टी होऊ लागली की ती चिमट्यानं शिट्टी किंचित उचलून धरायची आणि वाफ हळूहळू सोडून द्यायची. दाराच्या कडीला जुन्या लुगड्याचं फडकं बांधलेलं असायचं. भाजीवाला फाटकाशी आला की ती दोन्ही हातांनी खुणा करायची, आणि तोही बिचारा आमच्या गल्लीत शिरताना आपली आरोळी गिळायचा. भांडी संध्याकाळी घासली जायची. मी पाढे नुसते ओठ हलवून पाठ केले. उन्हाळ्यात भंडाऱ्याकडची चुलत भावंडं यायची तेव्हा पंचाईत व्हायची. गावाकडचं बोलणं म्हणजे या बांधावरून त्या बांधावर हाक मारल्यासारखं. आई त्यांच्या तोंडावर हात ठेवायची. "हळू बोला रे पोट्टेहो, झोपले हायेत."

झोपले हायेत. आमच्या घरात सगळ्यात जास्त वेळा बोललं गेलेलं वाक्य हेच असेल, आणि तेही कुजबुजत.

पुढे मी बिझनेस अ‍ॅनालिस्ट झाले. हे काम काय असतं ते समजावून सांगता सांगता माझी निम्मी हयात गेली. ज्याला सॉफ्टवेअर हवं असतं त्याला काय हवं ते नीट सांगता येत नाही, आणि जो ते बनवतो त्याला ऐकायला वेळ नसतो. या दोघांच्या मध्ये मी. पहिल्याचं ऐकायचं, त्याचा खरा अर्थ काढायचा, आणि दुसऱ्याला समजेल असं लिहून, चित्र काढून द्यायचं. बाबांना मी हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मंजे फोरमन आन् हेल्परच्या मधातली पोस्ट. दोघंबी शिव्या देतात ते." इतकी नेमकी व्याख्या मला पुण्यातल्या ट्रेनिंगमध्ये कोणी दिली नाही.

पुण्यातलं ते पहिलं ट्रेनिंग मात्र माझ्यासाठीच बेतलेलं होतं. ऐका, असं ते शिकवायचे. मध्ये बोलू नका. समोरचा थांबला तरी लगेच पुढचा प्रश्न टाकू नका, थोडं थांबा, तो खरी गोष्ट त्यानंतर सांगतो. बाकीची मुलं तोंड मिटायला शिकत होती. माझं ते बालपणीच झालं होतं. माझा बारका आवाजही कामी आला. पुढे भिलाईजवळच्या रसमड्याच्या एका कारखान्याचं काम होतं तेव्हा तिथले स्टोअरवाले आणि खरेदीवाले एकमेकांवर तुटून पडलेले असायचे. मी हळू विचारलं की त्यांना ऐकायला पुढे वाकावं लागायचं, आणि पुढे वाकलेला माणूस फार वेळ ओरडू शकत नाही. बोलता बोलता त्यांचेही आवाज खाली यायचे. मग ते कधी कोणाला न सांगितलेल्या गोष्टी मला सांगून टाकायचे. मी कानात प्राण आणून ऐकायची आणि घरी येऊन सुबक चित्रं काढायची. यात माझा हात धरणारं कोणी नव्हतं, हे मी जराही नम्र न होता सांगते.

बाबा गेल्यावर मी भिलाईला परत आले. ते नोकरीत असतानाच गेले. क्वार्टर त्यांनी लीजवर घेऊन ठेवलं होतं, त्यामुळे घर राहिलं. आईनं पुण्याला यायला साफ नकार दिला. "मी कावून येऊ? हे घर कोन पाह्यन?" मग मीच पुढच्या खोलीत टेबल टाकलं, कानांवर हेडफोन चढवले आणि तिथून काम करू लागले.

आता गेल्या काही काळात आमच्या धंद्यात जे झालं ते सांगायला हवं. कंपनीनं एक नवं साधन आणलं. ते मीटिंगमध्ये बसतं, सगळ्यांचं ऐकतं, कोण काय म्हणालं ते लिहितं, त्यातून गरजा वेगळ्या काढतं, आणि कामाचा प्रवाह दाखवणारी चित्रंही काढतं. जे शिकायला मला वर्षं लागली ते हे मीटिंग संपायच्या आत करून ठेवतं आणि वर अदबीनं विचारतं, आणखी काही मदत हवी का. मला त्याच्या श्रीमुखात भडकवावीशी वाटते, पण त्याला मुख नाही. ते माझ्याइतकं चांगलं ऐकतं का? नाही. पण कंपनीला पुरेल इतकं ऐकतं.

म्हणून आम्हा सगळ्या अ‍ॅनालिस्टांचं पुन्हा ट्रेनिंग ठरलं. ऐकण्या-लिहिण्याचं काम आता साधन करेल, असं सांगण्यात आलं. तुमचं काम यापुढे बोलण्याचं. मीटिंग तुम्ही चालवायची. भांडण झालं तर ते मोडायचं, चुकीचं बोलणाऱ्याला तिथेच अडवायचं, निर्णय होईपर्यंत कोणाला उठू द्यायचं नाही. शेवटी एक परीक्षा. खोटी मीटिंग, त्यात मुद्दाम भांडायला बसवलेली दोन माणसं, आणि त्यांना ताळ्यावर आणणारे आपण. जे उत्तीर्ण होतील ते नव्या कामावर. बाकीच्यांचं काय ते नंतर बघू. हे 'नंतर बघू' सगळ्यांना कळलं.

आम्हाला शिकवणारी बाई इंदूरची होती, खणखणीत आवाजाची. एका दुपारी सरावाच्या वेळी मी काहीतरी बोलत होते तर तिनं थांबवलं. "आपकी आवाज़ बिल्कुल नहीं आ रही. माइक पास लीजिए."

"माइक ठीक है," मी म्हणाले. "घर में कोई सो रहा है, इसलिए धीरे बोल रही हूँ."

"अच्छा. बच्चा है?"

"नहीं, पापा हैं. नाइट शिफ्ट से आए हैं."

तिनं मान डोलावली आणि सराव पुढे गेला. मी मात्र तिथेच राहिले. बाबांना जाऊन तेव्हा वर्षं झाली होती. खोटं बोलायचं माझ्या मनात नव्हतं. वेळ कुठली, मी कुठे आहे, हे जसं न ठरवता सांगावं तसं ते वाक्य आलं होतं. मी हेडफोन काढले. घर शांत होतं, पण रिकाम्या घराची शांतता वेगळी असते. ही जपलेली शांतता होती. मागच्या खोलीत कूलर चालू होता. दारावरचा पडदा ओढलेला होता. उठून बघितलं तर पुढच्या दाराच्या कडीला फडकं बांधलेलं.

आई स्वयंपाकघरात होती. मी विचारलं, "आई, तिकडे कूलर कावून लावला?"

"राहू दे," ती कुजबुजली. "गर्मी होऊन राहिली."

विचारून काही हाती लागत नसेल तर बघावं, हे आमच्या धंद्यातलं पहिलं सूत्र. मी पुढचे आठवडे नुसती बघत राहिले. जे दिसलं त्यानं माझी झोप उडाली. पुढच्या आठवड्यात फडकं नव्हतं, कूलर बंद होता, पण आई पहाटे उठून पोळ्या करून मोकळी व्हायची. त्याच्या पुढच्या आठवड्यात तिचं सकाळचं सगळं निवांत, आणि फाटकाची कडी रात्री ती निजेपर्यंत उघडी. मग पुन्हा फडकं, पुन्हा पडदा, पुन्हा कूलर. कॅलेंडर तिला लागत नव्हतं. प्लांटमध्ये बाबांच्या जागी कधीच दुसरा माणूस आला होता, पण आमच्या घरात त्यांची ड्यूटी चालू होती. ए, बी, सी. ए, बी, सी. एकही आठवडा चुकला नव्हता. आणि मी, जिला लोकांच्या कामातली पावलं टिपण्याचा पगार मिळतो, ती त्याच घरात राहून इतकी वर्षं त्या आठवड्यांत टाचा उचलून चालत होते आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

बाबा असते तर रागावले असते. गल्लीतल्या पोराबाळांना ते सांगायचे, भूत-बीत काही नसते, जे असते ते माणूसच असते. आमच्या घरात ताईत नाही, उतारा नाही, भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि रोजची वंदना. पण सी शिफ्टच्या आठवड्यात भरदुपारी मी त्या मागच्या खोलीत पाऊल टाकत नसे. काही हवं असलं तर संध्याकाळपर्यंत थांबे. एकदा पडद्यापाशी उभी राहिले होते. आत कूलरची घरघर, ओल्या वाळ्याचा वास, आणि खाटेवर नीट झटकून अंथरलेली चादर. मला तिथे कोणी दिसलं नाही. पण कोणी नाही असंही वाटलं नाही. मी आल्या पावली मागे फिरले, आवाज न करता.

बाबा गेले त्या दिवसाबद्दल आम्ही दोघी कधी बोललो नव्हतो. आता सांगते. मी पुण्याहून रजेवर आले होते. सी शिफ्टचा आठवडा होता. बाबा सकाळी आले, आंघोळ केली, पोह्यांत मीठ कमी पडल्यावरून मला चिडवलं आणि झोपायला गेले. आम्ही नेहमीसारखा दिवस काढला. मला पुण्याहून फोन आला तो मी मागच्या गल्लीत जाऊन घेतला. शेजारच्या काकू आल्या, त्यांना आईनं फाटकातूनच खुणेनं परत पाठवलं. वरणाचा कुकर तिनं चिमटा धरून उतरवला. चहाच्या वेळेला बाबा आपणहून उठायचे, त्या दिवशी उठले नाहीत. आई म्हणाली, "थकले असन. झोपू दे." मग आम्ही दोघी व्हरांड्यात बसलो. मी ऑफिसातल्या गमती सांगत होते आणि आई पदर तोंडात कोंबून हसत होती, आवाज होऊ नये म्हणून. फार मजा आली होती, हे मला आजही आठवतं. शेवटी ती चहा घेऊन आत गेली.

हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी सांगितलं की ते सकाळीच गेले, निजल्यानंतर थोड्याच वेळात, झोपेतच. तुम्ही काही करू शकला नसता, असंही ते म्हणाले, चांगल्या शब्दांत म्हणाले. आईनं मान हलवली. पण तिनं ते ऐकलं नव्हतं, हे तेव्हाच दिसत होतं. गेलेल्या माणसाची झोप मोडू नये म्हणून आम्ही दोघी दिवसभर पावलं मोजून टाकत होतो. एखादी शिट्टी झाली असती, हातातून ताट पडलं असतं, काकूंनी गेटवरून हाक मारली असती, तर ते जागे झाले असते, छातीत कसंतरी होऊन राहिलं म्हणाले असते. डॉक्टर काहीही म्हणोत. आई हे कधी बोलली नाही. पण माझ्या मनात हेच घोळत असायचं, तेव्हा तिच्या मनात काय असेल ते मला वेगळं विचारायची गरज नव्हती.

परीक्षेची वेळ आली ती नेमकी सी शिफ्टच्या आठवड्यात, दुपारी. मी तारीख बदलून मागितली, मिळाली नाही. नंदिनी नगरला माझी एक मैत्रीण राहते, तिच्याकडे जाऊन बसायचं ठरवलं. आईनं मला पाण्याची बाटली भरताना पाहिलं. "या उन्हात कुठं चालली?" मी सांगितलं की मोठ्यानं बोलायचं काम आहे, घरी नको. तिनं मागच्या पडद्याकडे एकदा बघितलं. मग म्हणाली, "घरीच कर. दार लोटून घे. हळू बोल मंजे झालं." हळू बोलून माझी नोकरी जाणार होती, पण हे तिला कसं सांगणार? मी बाटली खाली ठेवली. दार लावून घेतलं, फटीत टॉवेल कोंबला.

लॅपटॉपच्या पडद्यावर दोघं जण आले. एक गोदामाचा प्रमुख बनला होता, दुसरा विक्रीचा. इंदूरची बाई कोपऱ्यातल्या चौकटीत गप्प बसून बघत होती. सुरुवात होते न होते तोच ते दोघं जुंपले. सोंग होतं, पण मनापासून वठवत होते. मी म्हणाले, एक मिनट. मग म्हणाले, प्लीज़, एक मिनट. माझी जुनी युक्ती केली, आवाज आणखी खाली नेला, की ते पुढे वाकतील. कोणी वाकलं नाही; पडद्यावरच्या माणसाला वाकायची गरज नसते, तो नुसता तुमच्या बोलण्यावर बोलत जातो. बाजूला ते साधन सगळं लिहून घेत होतं. गोदामवाला म्हणाला, अमुक. विक्रीवाला म्हणाला, तमुक. आणि दर थोड्या ओळींनी माझं नाव आणि त्यापुढे एकच शब्द: अस्पष्ट. पुन्हा माझं नाव, अस्पष्ट. मी इतकी वर्षं या लोकांचं ऐकलं, त्यांच्या मनातलं त्यांना शब्दांत लावून दिलं, आणि माझ्या नावापुढे ही अशी ओळीनं रांग लागली होती. मला संताप आला. त्या दोघांचा, त्या यंत्राचा, कडीला बांधलेल्या फडक्याचा, त्या चिमट्याचा, व्हरांड्यात हसू दाबून काढलेल्या त्या अख्ख्या दुपारचा.

मी उठून उभी राहिले आणि ओरडले.

"बस! दोनों चुप! अब मैं बोलूँगी!"

बाहेर पेरूच्या झाडावरची पाखरं उडाली. गल्लीतलं कुत्रं भुंकायला लागलं. पडद्यावरचे दोघं खरोखर दचकले, सोंग विसरून गप्प झाले. एकदा बाहेर पडलेला आवाज मला परत आत घेता येईना. मी तशाच मोठ्यानं पहिल्याला विचारलं, मग दुसऱ्याला, मध्ये घुसणाऱ्याला पुन्हा दटावलं, आणि दोघांकडून एका गोष्टीवर होकार घेतला तेव्हाच बसले. घसा सोलवटून निघाला होता. इंदूरच्या बाईनं माइक उघडला. "ये आवाज़ अब तक कहाँ रखी थी?" ती हसत होती. नव्या कामासाठी माझं नाव पुढे देते, असं म्हणाली. मी आभार मानले का ते आठवत नाही. मला आता दार उघडायची भीती वाटत होती.

टॉवेल काढला, दार उघडलं. स्वयंपाकघरात आई नव्हती. ती मागच्या खोलीच्या दारात होती, माझ्याकडे पाठ करून, पडदा एका हातानं बाजूला धरून. ती आत बघत होती. मी तिच्या मागे जाऊन उभी राहिले. माफी मागावी असं मनात आलं.

"नाई उठले," आई म्हणाली.

ती कुजबुजली नाही. सी शिफ्टच्या आठवड्यात, त्या दारात, तिचा पूर्ण आवाज मी जन्मात पहिल्यांदा ऐकला.

"येवढी बोंबलली तू. सारा मोहल्ला जागा झाला असन. तरी नाई उठले." तिनं मान वळवून माझ्याकडे बघितलं. तिचा चेहरा एखादं अवघड गणित मांडत असल्यासारखा झाला होता. "मंजे त्या दिवशी बी नसते उठले न वं? आपन कितीबी ओरडलो असतो तरी?"

"नसते उठले, आई," मी म्हणाले. मोठ्यानं म्हणाले, तिला नीट ऐकू जावं म्हणून.

तिनं पडदा सोडला नाही, तो धरूनच आत गेली आणि तो दोरीसकट तुटून खाली आला. ती खाटेच्या काठावर बसली, त्या चादरीवर, जिथे आजवर तिनं कोणाला बसू दिलं नव्हतं. आणि मग ती रडली. हॉस्पिटलात रडली नव्हती, पुण्यानुमोदनाच्या दिवशीही नाही, ती आता भोकाड पसरून, छाती बडवत, बाबांना त्यांच्या नावानं हाका मारत रडली. शेजारच्या काकू फाटकाशी धावत आल्या आणि "क्या हुआ, क्या हुआ" विचारत राहिल्या. कुत्रं पुन्हा भुंकायला लागलं. मी आईच्या शेजारी बसले. तिला 'हळू' असं म्हटलं नाही.